दोन घरांचा शब्द

आमच्या घरात शब्दकोडं पहिल्यांदा आलं ते खारकांच्या पुड्याचा कागद होऊन. माझे मामा सांगलीला एका गुळाच्या अडत्याकडे दिवाणजी होते. कुंडलकडे येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरजवळ ते बहिणीसाठी काहीबाही पाठवत. खारका आईने डब्यात ओतल्या आणि कागद चुलीत घालायला घेतला, तेवढ्यात सगुणाआत्याने तो हातातून ओढून घेतला. छापलेला कागद वाचल्याशिवाय जाळायचा नाही, असा तिचा नियम होता. मांडीवर ठेवून तिने तो हाताने सपाट केला, तर त्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी. आई म्हणाली, हा भरतकामाचा नमुना दिसतोय. आत्या म्हणाली, फरशी बसवायचा नकाशा असेल. मी तेव्हा शाळेत सहावीला होते, म्हणजे घरातली सर्वांत शहाणी मीच. खालचा मजकूर मी मोठ्याने वाचला आणि दोघींना सांगितलं की ही रिकामी घरं आहेत, एका घरात एक अक्षर, आणि शब्द आडवेही जातात, उभेही जातात. आत्याने पहिला शब्द सांगितला तेव्हा चुलीवरची भाकरी करपली होती. पुढे मामांकडे निरोप गेला आणि दर गुरुवारी ते साप्ताहिक अख्खं येऊ लागलं.

सगुणाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आत्याचा नवरा पलटणीत होता, तो लढाईवर तिकडे परमुलखातच गेला. तार आली, सासरच्यांनी थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग आबा जाऊन तिला माहेरी घेऊन आले. कपाळ मोकळं, हात मोकळे, वय विशीच्या जरा पुढे. घरातलं एकही काम ती दुसऱ्याला करू देत नसे. पहाटे तिच्या जात्याच्या घरघरीने मी जागी व्हायचे. ओवी मात्र ती म्हणत नसे, नुसतं जातंच ऐकू यायचं.

आमच्यात विधवेचं पुन्हा घर मांडून देत. पण त्याला लग्न म्हणायचं नाही, पाट म्हणायचं. लग्न होतं, पाट लावतात. आत्याला मागण्या येत होत्या आणि आबा प्रत्येकाला एकच सांगत, "पयल्या खेपेला मी तिला इचारलं न्हाई. आता तिच्या तोंडानं व्हय म्हनंल तरच पाट लावीन. न्हाईतर जलमभर ऱ्हाऊ दे माझ्या दारात, मला जड न्हाई." बोलायला हे फार छान होतं. पण आबा विचारायला लागले की आत्या जे काम हातात असेल ते दुप्पट जोराने करायची आणि तोंडातून अक्षर काढायची नाही. आई वैतागून म्हणायची, "आवं, बाईमानूस आपल्या तोंडानं म्हनंल व्हय, मला नवरा करून द्या? गाव थुकंल तोंडावर." यावर आबा म्हणायचे, "मग मी काय समजू?" आणि गाडं तिथंच रुतायचं. एक बोलणार नाही आणि दुसरा बोलल्याशिवाय हलणार नाही. दोघांची जात एकच, हट्टी. मीही त्यातलीच, असं माझ्या सुना सांगतात.

शिवाय त्या वर्षांत आमच्या भागात सरळ बोलणं कमीच होतं. 'पावनं आल्यात' म्हटलं की खरोखरचे पाहुणे का उसाच्या फडात लपलेले चळवळीतले भूमिगत, हे आवाजावरून ओळखावं लागे. पोरांनासुद्धा ती सवय होती. एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द असतो हे आम्हाला शाळेने शिकवलं नाही, शेजारच्या पोलीसचौकीने शिकवलं.

मी सांगतेय तो गुरुवार उन्हाळ्यातला. अंगणात कुरडया वाळत होत्या आणि कावळे हाकलून माझा घसा बसला होता. त्या आठवड्याच्या कोड्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: एक शब्द, दोन अर्थ. प्रत्येक सूचनेचे दोन तुकडे आणि दोन्हींना मिळून उत्तर एकच. 'नदीला बांधतात, डोंगरातूनही जातो' हे मी वाचून संपायच्या आत आत्या म्हणाली, "घाट." 'गळ्यात घालतात, खेळात खातात' याला मी 'साखळी' म्हणाले. "साकळी कोन खातंय गं, कुत्रं?" म्हणून ती हसली नाही पण तिचा आवाज हसला. उत्तर होतं हार. 'उसातही असतो, गोष्टीतही असतो' यावर आमची दोघींची तोंडं एकदमच उघडली. रस! सगळं कोडं दोन दिवसांत भरलं. राहिला एकच शब्द, आडवा, दोन घरांचा. 'बसायचे असले तरी हा, पाण्यातून जायचे असले तरी हा.' दुसरं अक्षर आयतं मिळालेलं, र, कारण रस तिथूनच खाली उतरत होता. मी 'पूर' लिहिलं. आत्या म्हणाली, "पुरावर बसून बघ कवातरी." मग मी 'तीर' लिहिलं, तेही खोडलं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सापडंल तवा सापडंल." हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. अडलेला शब्द ती जात्यावर, विहिरीवर, न्हाणीत, कुठेही सोडवायची.

त्या अडलेल्या शब्दापायी मी गावभर हिंडले. भेटेल त्याला विचारलं, "आमच्या आत्याचं कोडं सुटंना, तुमाला येतंय का बघा." आता इथे एक गोष्ट सांगते. कोडं आणि कोड यांत फरक एका अनुस्वाराचा आणि तो अनुस्वार आमच्याकडे हवेत विरून जातो. शेजारची गोजाकाकू कानाने तिखट पण अर्ध्या वाक्यावर पळणारी. तिने ऐकलं की सगुणाला कोड उठलंय, अंगावर पांढरे डाग, आणि काही केल्या सुटेना. एका दिवसात ही बातमी पारावर पोचली आणि आम्हाला पत्ताही नाही. तोंडावर कोण सांगतंय?

नेमके त्याच रविवारी शिराळ्याहून पाहुणे आले. एक म्हातारे नाना आणि त्यांचा पुतण्या दौलत. दौलत पलटणीतून परतलेला, अंगाने दणकट, बोलायला कमी. तोफांच्या आवाजाने त्याचा डावा कान गेला होता आणि उजवाही मर्जीप्रमाणे चालायचा. ते आत्याला मागणी घालायला आले होते. आबांनी त्यांना सोप्यात घोंगडं अंथरून दिलं. आई आणि आत्या उंबऱ्याच्या आत शेवया करत होत्या. उतरत्या लाकडी पाटावर आत्या ओल्या हाताने पीठ वळायची, खाली शेवयांची तार सुटायची आणि मी ती बोटांवर झेलून काठीवर घालायची. दार उघडंच होतं. बाहेरचं आम्हाला दिसत होतं आणि आत्याने पदर पुढे ओढला असला तरी तिचे हात बाहेरच्यांना दिसत होते. नानांची नजर त्या हातांवरून हलत नव्हती. ते डाग शोधत होते, हे मला नंतर कळलं.

पाणी झालं, पानसुपारी झाली. नानांनी घसा साफ केला.

"रागावू नका पाटील, पन इचारलेलं बरं. पारावर ऐकलं. तुमच्या हितं कोड हाय म्हनं?"

आबांचा चेहरा एकदम खुलला. बहिणीची हुशारी शिराळ्यापर्यंत पोचली, असंच त्यांना वाटलं असणार. "हाय की! आमच्या सगुणीला तर लय नाद. तिच्यामुळं पोरीलाबी लागलंय."

"पोरीलाबी?" नाना घोंगड्यावर जरा मागे सरकले.

"तर हो. दर गुरवारी नवं येतंय. निम्मं दोन दिसांत जातंय, निम्मं ऱ्हातंय."

"आन् औशीद?"

"औशीद कशाला? चांगलं हाय की. डोकं चालतंय. आता म्होरल्या सालापास्नं बायकोलाबी लावायचं म्हनतोय."

नानांनी पुतण्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांना जे कुजबुजणं वाटलं ते आळीला ऐकू गेलं. "उठ रं! सगळ्या घराला हाय!" दौलत उठला. आबा गोंधळून उठले. आई आत कपाळाला हात लावून बसली, कारण तिला तेवढ्यात उलगडा झाला होता, पण पाहुण्यांसमोर बाहेर येऊन बोलणं शक्य नव्हतं. तिने मला कोपराने ढोसलं. "जा, त्यो कागुद दाव त्यांस्नी!" मला काहीच कळलं नव्हतं. पिठाच्या हातांनी मी साप्ताहिक घेऊन गेले आणि नानांच्या नाकासमोर धरलं. "ह्ये बघा कोडं."

नाना बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे, मग आबांकडे. "ह्ये व्हय?" म्हणाले आणि खाली बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. आबांना अजून काय झालं ते समजलं नव्हतं, पण पाहुणे बसले म्हणून तेही बसले. दौलतला तर मुळापासून काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला उठ म्हटल्यावर तो उठला होता आणि बस म्हटल्यावर बसला.

नानांना आता ते कोडं समजून घ्यायचंच होतं. मी एकेक सूचना वाचायची, उत्तर सांगायचं नाही, आणि नाना डोकं खाजवणार. घाट त्यांनी ओळखला. हार सांगितल्यावर मांडीवर थाप मारली. मग मी वाचलं, 'नवरीला मिळतो, देव प्रसन्न झाला की मिळतो.' नाना विचारात पडले आणि एकदम ओरडले, "वर!" पुतण्यालाही मजा कळावी म्हणून त्याच्या कानाशी जाऊन पुन्हा ओरडले, "वर रं, वर!" दौलतने मान वर केली. आढ्याकडे पाहिलं, तुळया पाहिल्या, कौलं पाहिली, आणि तिथे काही नाही असं दिसल्यावर गंभीरपणे म्हणाला, "न्हाई काय वर."

आत कुणीतरी हसलं. खळखळून, आवाज दाबायच्या आधीच सुटलेलं हसणं. मला आधी वाटलं आई. पण आई माझ्याइतकीच चकित होऊन आत्याकडे पाहत होती. माहेरी आल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. तो आवाज मला अजून आठवतो. दौलतने तो कसा ऐकला कोण जाणे, पण ऐकला खरा, कारण त्याने आढ्यावरची नजर दाराकडे आणली आणि तोही ओशाळून हसला.

"आन् ह्ये रिकामं का?" नानांनी त्या दोन घरांवर बोट ठेवलं. मी म्हणाले, ते कुणालाच येत नाही. सूचना वाचली. 'बसायचे असले तरी हा, पाण्यातून जायचे असले तरी हा.' नानांनी ती पुतण्याच्या कानात ओरडून सांगितली. आबा मिशी ओढत बसले. मोटेच्या चाकाची कुरकुर तेवढी मळ्यातून येत होती.

"पाट," आत्या म्हणाली.

हात पिठात, मान खाली, पण आवाज स्वच्छ. नानांनी हवेतच टाळी वाजवली. "बराबर! पाटावर बसायचं, पाटातनं पानी जायाचं! वा गं पोरी!" आणि मग त्यांचे हात तसेच राहिले. कारण तो शब्द सोप्यात उभाच होता आणि आता सगळ्यांना तो दुसऱ्यांदा ऐकू येत होता. आबा उंबऱ्यापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "सगुणे, काय म्हनलीस?"

"पाट, दादा."

इथे मी कागद घेऊन उंबऱ्याशी धावले आणि तोंड घातलं. मी शहाणी होते ना. कागदाकडे पाहिलं तर ते साफ चुकत होतं, आणि चुकीचं अक्षर मला सहन व्हायचं नाही. मी ओरडले, "न्हाई! पाट बसत न्हाई! आत्याचा पाट चालायचा न्हाई!" आईने आतूनच हात लांबवून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तरी मी म्हणत राहिले, "खाली टस हुतंय! टस!" नानांनी विचारलं, पोरगी काय म्हणतेय? आई आतूनच म्हणाली, "आत्याचा लळा हाय, दुसरं काय." सगळे माझ्याकडे दयेने पाहू लागले. मला कुणी ऐकूनच घेईना. आत्याने वर पाहिलं नाही. पीठ संपलं होतं, तरी तिचे हात पाटावर वळत होते.

नाना म्हणाले, तोंडाने बोलली, चार माणसांनी ऐकलं, आता थांबायचं कशाला? शेवया उकडून गूळ-दूध घालून सगळे जेवले. आबा जेवले नाहीत. पाहुणे गेल्यावर ते आईला म्हणाले, "ती कोड्याचं बोलली का मनाचं बोलली?" आई म्हणाली, "एकदा बोलली त्येच लय झालं. आता पुन्यांदा इचारशीला तर जीब आवळून बसंल." आबांनी विचारलं नाही. पण विचारलं नाही याचाच त्यांना घोर लागला. एका बाजूला शब्द पदरात पडला होता आणि दुसऱ्या बाजूला तो चोरून घेतल्यासारखा वाटत होता.

पाट दिवसाउजेडी लागत नसे आणि सवाष्णी, पोरीबाळी तिथे नसत. एका सकाळी मी उठले तर जात्याचा आवाज नव्हता. आई पीठ मळत होती. आत्या कुठाय म्हटलं तर म्हणाली, "गेली तिच्या घरी." मी म्हणाले, "हेच तर तिचं घर." आई पीठ मळत राहिली. मी दिवसभर रडले आणि मला खरं म्हणजे रागच जास्त आला होता. माझ्याशी एक शब्द न बोलता ती नदी ओलांडून निघून गेली, तेही एका चुकलेल्या उत्तरावर. मला काय झालं ते समजत नव्हतं आणि समजावून सांगायला जे माणूस होतं तेच गेलं होतं.

आबांची स्थिती माझ्याहून वाईट. ते मळ्यातून यायचे, ताटावर बसायचे, अर्धी भाकरी मोडून उठायचे. बहिणीला दुसऱ्यांदाही न विचारताच दिली, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आई समजूत घालायची, तर म्हणायचे, "कोडं इचारलं, तिनं उत्तर दिलं. मी त्येला रुकार समजून बसलो. उद्या ती म्हनली, दादा, मी तर शेवयाच्या पाटाचं बोलले, तर मी कुठं तोंड लपवू?"

नंतरच्या गुरुवारी साप्ताहिक आलं. आत त्या दोन अर्थांच्या कोड्याची उत्तरं छापली होती; उत्तरं ते काही आठवडे उशिरानेच देत. मी धावत आबांकडे गेले. ते नुकतेच ताटावर बसले होते. मला जिंकल्याचा आनंद झाला होता आणि तो मला लपवता येत नव्हता.

"आबा, बघा! मी म्हनत हुते न्हवं? पाट चूक हाय. पार हाय पार! पारावर बसायचं, पाण्यातनं पार जायाचं. आत्याचं चुकलं!"

आबांचा चेहरा पडला. घास ताटात ठेवून ते म्हणाले, "चुकलं? म्हंजे गडबडीत कायबी बोलली व्हय ती?"

"गडबडीत कशाला? चार दिस समोर हुतं तिच्या. दुसरं अक्षर र हाय ह्ये तिला ठावं हुतं. रस तिनंच सांगितला हुता."

आबा ताट बाजूला सरकवून म्हणाले, "हिकडं ये. मला नीट दाव." मी मांडी घालून बसले आणि जमिनीवर बोटाने घरं काढून दाखवली. हे पा, हे र, आणि र खाली जाऊन रस. पाट लिहिलं तर र च्या जागी ट येतो, खालचा शब्द टस होतो. टस म्हणजे काहीच नाही. लहान पोरालासुद्धा दिसेल की बसत नाही.

"आन् ह्ये तिला दिसत हुतं?"

"आत्याला न दिसाया काय झालं? तिचं अक्षर आजपातूर चुकलं न्हाई कवा."

आबा त्या धुळीतल्या घरांकडे पाहत राहिले. ओठ हलवून त्यांनी दोन्ही शब्द म्हणून पाहिले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी ते हसू लागले. मला काही कळेना. मी म्हणाले, आबा, उत्तर चूक आलं तर हसताय काय?

"चूक न्हाई गं," आबा म्हणाले. "कोड्याचं ती बोललीच न्हवती."

त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि आईला हाक मारून आणखी एक भाकरी मागितली.